नाना आणि जावईबापू

नाना घाबरट होते. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, तोंडावरही बोलले आहे, आणि त्यांनी ते मान हलवून कबूल केलं आहे. “भ्यालेला माणूस संध्याकाळी घरी जेवतो, पोरी,” एवढंच म्हणायचे. आमच्या जळगावच्या ऑफिसात ते जिना चढताना दिसले की कोणीतरी हळूच ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. सुरुवातीला मीही हसत असे. पण त्या ब्रह्मराक्षसाला मागच्या सीटवरून पाहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे माझं हसू फार दिवस टिकलं नाही.

आधी काम सांगते. गावोगाव शेतांत हवामानाची यंत्रं उभी असतात. लोखंडी खांब, वर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, खाली पाऊस मोजायचं नरसाळं आणि मधे एक पांढरी पेटी. पेटीतलं सिम बंद पडलं की आकडे ऑफिसात पोचत नाहीत. मग कोणीतरी शेतात जाऊन पेटीला लॅपटॉप जोडायचा आणि ते आकडे उतरवून आणायचे. कोणीतरी म्हणजे नाना आणि मी. मी धुळ्याची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पहिलीच नोकरी, मेहरूणला भाड्याची खोली. नाना पन्नाशी ओलांडलेले, अंगाने काटक, पिकलेल्या मिशा आणि कायम काहीतरी हुंगणारं नाक.

ऑफिसच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती. वायर काढली की पडदा काळा. आणि शेतात प्लग कुठून आणणार? म्हणून आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत एक इन्व्हर्टर असायचा. घरात लाइट गेल्यावर चालतो तो मोठा नव्हे, विटेएवढी पत्र्याची पेटी. तिच्या एका बाजूने लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी निघायच्या, त्यांचे चिमटे बोनेट उघडून गाडीच्या बॅटरीला लावायचे. दुसऱ्या बाजूला घरात असतं तसं सॉकेट, त्यात लॅपटॉपचा चार्जर. बॅटरीतली बारा व्होल्टची गरीब वीज त्या पेटीत शिरायची आणि बाहेर येताना घरातल्यासारखी दोनशेतीसची होऊन यायची. “गाय आत जाते आणि वाघ बाहेर येतो,” असं नाना म्हणायचे, आणि म्हणताना पेटीकडे बघायचे नाहीत.

पेटीला त्यांनी नाव ठेवलं होतं जावईबापू. कारण तिचा मान ठेवावा लागायचा. तिला मऊ जागेवर बसवायचं नाही, तिच्यासमोर मोठ्याने बोलायचं नाही, तिच्या अंगावर काही टाकायचं नाही आणि तिला झेपेल तेवढंच काम सांगायचं. मी एकदा लॅपटॉपसोबत माझा मोबाइल चार्जिंगला लावला तर नाना इतके कळवळले, की जणू मी जावयाला पाणी शेंदायला लावलं होतं. पेटी तापली किंवा गाडीची बॅटरी उतरली की ती बारीक, चिरक्या आवाजात ओरडायची. “रुसले,” असं म्हणून नाना घाम पुसायचे आणि दोन पावलं मागे सरायचे.

चिमटे लावायच्या आधी एक पूजाच असायची. घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, शर्ट वर करून कमरेचा चांदीचा करदोडा काढायचा आणि सगळं डब्याच्या पिशवीत ठेवायचं. मग बूट काढून निळ्या रबरी स्लिपर घालायच्या. माझ्यासाठीही त्यांनी एक जोड आणला होता, माझ्या पायांपेक्षा बराच मोठा. तो घालून मी बदकासारखी चालायचे आणि शेतातल्या बायका पदराआड हसायच्या. शेवटी लाल चिमट्याला बैलाच्या कासऱ्याचा एक तुकडा बांधायचा आणि दुसरं टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला. का, तर काही झालंच तर लांबून ओढता यावं. असे बांधलेले नाना खांबापाशी काम करत असले की येणारा-जाणारा विचारायचा, “काय भाऊ, गाडी पळून जाते काय?” नाना मनगटावरची गाठ आणखी घट्ट करायचे.

आणि चिमटे फक्त तेच लावणार. हा नियम मोडायची मला कधी परवानगी मिळाली नाही. मी म्हणायचे, “नाना, मी हेच शिकलेय. बॅटरीच्या टोकाला बारा व्होल्ट. त्याने मुंगीसुद्धा मरत नाही.” त्यावर त्यांचं ठरलेलं, “तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?” त्यांची सगळी भीती त्या एका वाक्यात मावायची. स्वतः मरायची त्यांना फारशी धास्ती नव्हती. आपण जोडलेल्या वायरीला कोणीतरी चिकटेल, आणि ते प्रेत घेऊन आपल्याला कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल, याची होती. त्यामागे काही घडलेलं होतं का, हे मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, “भीतीला कारण लागतं का?” दुसऱ्यांदा म्हणाले, “गाडी चालवू दे.”

खरं सांगायचं तर नाना बहुतेक वेळा चुकायचे. लॅपटॉपमधून वीज झिरपून आजूबाजूच्या भुईमुगात उतरते असं त्यांना वाटायचं. पेटीजवळ पापड नेला तर तो वातड होतो असंही त्यांचं मत होतं. मी हे सगळं खोडून काढायचे, ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पापड लांब ठेवायचे.

एका हिवाळ्यात आम्ही धुळ्याहून दोंडाईच्याकडे निघालो होतो. अहवाल तातडीने हवा होता, म्हणून चालत्या गाडीत लॅपटॉप लावायला नाना नाइलाजाने तयार झाले होते. जावईबापू त्यांच्या शेजारच्या सीटवर फळी टाकून, वायरी बोनेटच्या फटीतून खिडकीने आत घेतलेल्या, मी मागे टाइप करतेय, आणि नाना एक डोळा रस्त्यावर, एक डोळा पेटीवर ठेवून बैलगाडीच्या वेगाने गाडी हाकताहेत. अचानक त्यांनी ब्रेक मारला. नाक वर केलं. जळल्याचा वास येत होता, मलाही आला. “पय, पोरी, पय!” नाना ओरडले. घाबरले की ते अहिराणीत शिरायचे. ऑफिसातली मराठी गळून पडायची आणि ‘पळ’चं ‘पय’ व्हायचं. मला दंडाला धरून त्यांनी कपाशीच्या शेतातून ओढत नेलं आणि बांधाआड पालथं पाडलं. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता आणि तो इतका थरथरत होता की माझे दात वाजायला लागले. गाडी आता उडणार, मग उडणार. मी डोळे मिटून आईला आठवलं.

गाडी उडाली नाही. वास येतच राहिला. मग कडुलिंबाखालून कोणीतरी हाक मारली. तिथे एक कुटुंब कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या आगीत वांगी भाजत बसलं होतं. भरीत चाललं होतं. त्यांनी आम्हाला मातीतून उठवलं आणि पंगतीला बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर मी ते भरीत चाटूनपुसून खाल्लं. नानांनी खाल्लं, पण गाडीकडे तोंड करून, आणि प्रत्येक घास आधी हुंगून.

हा किस्सा मी ऑफिसात रंगवून सांगितला, लोक खो-खो हसले. पण त्या रात्री खोलीवर मला झोप लागेना. उठून इस्त्रीचा प्लग काढलेला आहे ना ते पाहिलं. मग मिक्सरचा पाहिला. भीती खरजेसारखी असते, शेजारी बसूनही लागते. मला नानांचा राग यायला लागला. मी नीट शिकलेली मुलगी, आणि या माणसाने मला बटणाकडे जाताना कोरडे आहेत का म्हणून आपले हात बघायची सवय लावली होती.

नानांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शेतावर पोचलं की ते आधी तिथल्या पुरुषांना गोळा करायचे आणि समज द्यायचे. पेटीला हात लावायचा नाही, वायर ओलांडायची नाही, गुरं लांब बांधायची, बिडी पेटवायची नाही. बापे हसत हसत माना डोलवायचे. बायांना मात्र ते काही सांगत नसत. परक्या बाईकडे मान वर करून बघायचीच त्यांना लाज वाटे. चहा घेऊन आलेल्या बाईच्या हातातला कपसुद्धा ते जमिनीकडे बघत घ्यायचे. ती समज द्यायचं काम माझ्याकडे आहे असं त्यांना वाटत असावं, आणि माझ्याकडे आहे असं मला कोणी म्हटलेलं नव्हतं.

दोंडाईच्याच्या अलीकडे एका मळ्यात आमचा एक खांब होता. मळ्यात एक म्हातारे आबा आणि त्यांची सून राहायची, मुलगा कामाला सुरतेकडे. सुनेला आम्ही अक्का म्हणायचो. चाळिशीची, हसरी, हातात कायम काहीतरी काम. खांबाभोवतीचं गवत तीच काढायची, नरसाळ्यात पाखरांनी घाण केली तर तीच कपड्याने पुसायची. यंत्राला ती घरातलंच एक माणूस समजायची.

मे महिना होता. ऊन असं, की गाडीच्या टपाला बोट लावलं तर फोड यावा. बोनेट उघडं, इंजिन चालू, जावईबापू पुढच्या सीटवरच्या फळीवर, दार सताड उघडं. मी मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन, खांबावरच्या पेटीतून लांब वायरीने आकडे उतरवत होते. नाना कासरा मनगटाला बांधून खांबापाशी नरसाळं खोलत बसले होते. आबा खाटेवर. आबांना नानांनी सगळी समज रीतसर दिली होती.

पेटी ओरडायला लागली. उन्हाने तापली होती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, “नाना, रुसले!” नाना म्हणाले, “आलो, स्क्रू सांडतील.” तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. कप तिने टपावर ठेवले आणि वाकून पेटीवर हात धरला. “बाई बाई, डबं तं चुल्हासारखं तापी जायेल शे,” ती स्वतःशी म्हणाली आणि माघारी गेली. मी पडद्याकडेच बघत होते. मला वाटलं बशा आणायच्या राहिल्या असतील.

आमच्या खान्देशात उन्हाळ्यात जे जे तापतं त्याच्यावर ओलं गोणपाट पडतं. माठाला ओलं गोणपाट, खिडकीला ओलं गोणपाट, तोडलेल्या केळीच्या घडांवर ओलं गोणपाट. लहान मूल तापलं तर ओलं फडकं. अक्काने आयुष्यभर हेच केलं होतं आणि ते कधी चुकलं नव्हतं. ती आली ती माठावरचं गोणपाट पाण्याने निथळत घेऊनच. एका हाताने तिने दाराच्या कडेला धरलं, तिथला रंग गेलेला, उघडं लोखंड. दुसऱ्या हाताने गोणपाट पेटीवर घातलं आणि नीट बसावं म्हणून दाबलं. पाणी सॉकेटात उतरलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या घशातून फक्त एक बारीक, अडकलेला आवाज येत राहिला आणि तिचं सगळं अंग ताठ झालं. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. डोळे उघडे होते आणि ते मला बघत नव्हते. दाराची कड धरलेली बोटं तिला सुटत नव्हती. मला तो चेहरा आजही भाजी चिरताना, केस विंचरताना, कधीही दिसतो.

“नाना!” हे मी ओरडले की दुसरं कोणी, आठवत नाही. नानांनी कासरा ओढला. तो बोनेटच्या दांडीला अडकला. पुन्हा ओढला, नुसती दांडी वाजली. इतक्या वर्षांची त्यांची ती दोरी अगदी त्याच वेळी कुचकामी ठरली. तिकडून आबा धावत निघाले होते, दोन्ही हात पुढे करून, सुनेला ओढायला. “आबा, दूर! दूर व्हा!” नाना किंचाळले. आबांना ऐकू गेलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. पोटच्या पोरीसारखी सून समोर थरथरताना कोण थांबेल? नाना धावले. त्यांनी आबांना खांद्याने असा धक्का दिला की म्हातारा ढेकळांत आडवा झाला. धावताना नानांच्या स्लिपर निघून गेल्या होत्या. अनवाणी पायांनी ते बोनेटपाशी पोचले आणि उघड्या हाताने लाल चिमटा उपसून काढला. ठिणगी उडाली, पेटी गप्प झाली आणि अक्का खाली कोसळली.

तिचा श्वास चालू होता. आधी मला वाटलं, थांबला. मी तिच्या तोंडावर वाकले तेव्हा तो माझ्या गालाला लागला आणि मी मोठ्याने रडायला लागले. काही वेळाने ती उठून बसली. उजवा तळवा काळा पडला होता. आबा उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. नाना गाडीच्या चाकाला टेकून बसले होते आणि “माले भेव वाटी राहिनं, माले भेव वाटी राहिनं,” असं पुटपुटत होते. झाल्यावर भीती वाटते असं म्हणतात, पण नानांना तर आधीही वाटायची. त्यांना ती दोन्ही बाजूंनी लागली.

आम्ही तिला दोंडाईच्याला दवाखान्यात नेलं. जावईबापूला नानांनी गाडीत घेऊ दिलं नाही, बांधावरच ठेवलं. वाटेत अक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती हळूच म्हणाली, “डबं रडी राहिनं व्हतं, भाऊ. मी म्हणं, बिचारं तापी गयं.” डॉक्टरांनी तपासलं, हाताला पट्टी बांधली, रात्रभर ठेवू म्हणाले, घाबरायचं कारण नाही म्हणाले. निघताना अक्काने नानांना हाक मारली. खाटेवरून तिने विचारलं, “तुम्हनं डबं बिघडी गयं का, भाऊ?” नानांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. नुसती मान हलवली आणि बाहेर जाऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले.

परतीच्या वाटेवर ते एकच गोष्ट बोलले. “कोंबड्यांना सुद्धा हाकललं होतं मी. तिला नाही सांगितलं.”

ऑफिसात मात्र नाना हिरो झाले. ब्रह्मराक्षसवाले त्यांना चहा पाजू लागले. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, “नाना, तुमच्या भीतीने एक जीव वाचवला!” मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नाना चहा न पिता उठून गेले. वर्षभराने त्यांनी नोकरीच सोडली आणि गावी जाऊन राहिले. ते निघाले त्या दिवशी कोणालाही फार आश्चर्य वाटलं नाही. मलाही नाही, कारण त्याआधी मुक्ताईनगरला जे झालं ते फक्त मी पाहिलं होतं.

अक्काच्या प्रकारानंतरची ती आमची पहिलीच फेरी होती. पाऊस पडून गेला होता. काळी माती तळव्यांना धरत होती आणि आजूबाजूला डबकीच डबकी. नवा इन्व्हर्टर आला होता. नानांनी आधी मळ्यातल्या सगळ्या बायकांना बोलावलं. खाली मान घालून, चाचरत, पण एकेकीला समज दिली. मग बोनेट उघडलं. घड्याळ काढलं, अंगठी काढली, करदोडा काढला. स्लिपर घातल्या. लाल चिमटा हातात घेतला आणि बॅटरीजवळ नेला.

हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागे घेतला, शर्टाला पुसला, पुन्हा नेला. पुन्हा मागे आला. मी बाजूला उभी होते. इतकी वर्षं ते दर फेरीला एवढे घाबरत होते आणि तरी दर वेळी चिमटा लावत होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना घाबरट म्हणत आले होते आणि त्यांनी मान डोलावली होती. आता तो हात जात नव्हता. कपाळावरचा घाम मिशांवर उतरत होता. मी आपले हात कोरडे आहेत का ते पाहिलं, कारण नाना मागे हटले तर ती जागा माझी होती.

“पोरी,” ते म्हणाले. “तू लावशील?”

मी चिमटा घेतला. बारा व्होल्ट, मुंगीसुद्धा मरत नाही, हे सगळं मला पाठ होतं. नाना बाभळीपलीकडे गेले आणि माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले. दोन्ही कानांत बोटं घातली, फटाका पेटवायच्या आधी लहान मुलं घालतात तशी. मी काळा चिमटा लावला. मग लाल. नेहमीसारखी बारीक ठिणगी उडाली, पेटी एकदा टिवटिवली आणि चार्जरचा दिवा लागला.

“जित्ती शे ना, पोरी?” बाभळीमागून आवाज आला.

“आहे, नाना, जिवंत आहे.”

कानात बोटं होती, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने, आणि आवाज मधेच फुटला. मी त्या मोठ्या स्लिपरांनी चिखल तुडवत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांची बोटं कानातून काढली. त्यांचे हात तसेच धरून उभी राहिले, कारण मलाही ते सोडवत नव्हते.